‘फिटनेस’ नावाची चिठ्ठी

ऑपरेशनच्या आधी फिजिशियनकडून आणायची ‘फिटनेस’ची चिठ्ठी हा आपल्या वैद्यकीय व्यवहारातला सर्वांत फसवा कागद आहे. निदान ज्याला एकदा हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्याच्यापुरता तरी नक्कीच. तो कागद खोटा नसतो. त्यावर सही असते, शिक्का असतो, रजिस्ट्रेशन नंबर असतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्नच मुळात चुकीचा आहे. ‘पेशंट फिट आहे की नाही?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असू शकतं, आणि हृदयाचा धोका हो-नाहीत मावत नाही. तो कमी असतो, जास्त असतो, आज जास्त आणि तीन महिन्यांनी कमी असतो, मोतीबिंदूला नगण्य आणि मांडीच्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनला भरपूर असतो. एवढं सगळं एका शब्दात कोंबलं की तो शब्द कुणाच्या तरी सोयीचा होतो. पेशंटच्या सोयीचा तो नसतो.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मालाची शुद्धता मोजायचं काम केलं. २०१९ मध्ये, वयाच्या ५४व्या वर्षी, हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. यात नवल काही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांच्या पाचेक वर्षं आधी, साधारण ५३व्या वर्षी येतो असं दिसलं होतं. म्हणजे मी अगदी सरासरीतला माणूस. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आत आणली, राज्याच्या जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसली, आणि माझ्यासारखे अटॅकमधून वाचलेले, कामावर परतलेले लोक गल्लोगल्ली झाले. त्यांचं पुढे काय होतं? त्यांना पित्ताशयात खडे होतात, प्रोस्टेट वाढते, गुडघे झिजतात, खुबा मोडतो. मला हर्निया झाला.

सर्जनने सांगितलं, ‘फिटनेस आणा.’ मी फिजिशियनकडे गेलो. बीपी बघितलं, ईसीजी उजेडाकडे धरून पाहिला, टूडी एकोच्या रिपोर्टची शेवटची ओळ वाचली, ‘दम लागतो का, काका?’ असं विचारलं आणि इंग्रजीत लिहून दिलं : मध्यम धोक्यासह शस्त्रक्रियेस फिट. सात मिनिटं लागली. मध्यम म्हणजे किती, असं विचारलं तर ‘काळजी करू नका, काही होणार नाही’ असं उत्तर मिळालं. माझ्या नोकरीत कुणी बॅचच्या कागदावर ‘अशुद्धता मध्यम, काही होणार नाही’ असं लिहिलं असतं तर तो कागद त्याच्या टेबलावर परत गेला असता.

त्या डॉक्टरांविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. त्यांच्याकडून अपेक्षाच तेवढी होती. या चिठ्ठीचा खरा वाचक पेशंट नसतो. सर्जनला ती फाइलला लावायची असते. भूलतज्ज्ञाला ती हवी असते, कारण त्याला सकाळी ठाकुर्लीत एक केस, दुपारी कल्याण पश्चिमेत दोन आणि संध्याकाळी डोंबिवलीत एक सिझेरियन असतं. पेशंटला तो बहुधा ओटीच्या दारातच पहिल्यांदा बघतो. विमा कंपनीला ती लागते. उद्या काही झालं तर वकिलाला ती लागते. चौघांना लागणारा हा कागद ज्याच्या छातीबद्दल आहे त्याला त्यातून काय कळतं, हे कुणी विचारत नाही.

न मोजलेलं म्हणजे शून्य नव्हे

धोका आकड्यात सांगता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे जावं. १९७७ साली बोस्टनच्या ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी हजारएक पेशंटांवरून नऊ घटकांची एक गुणतालिका मांडली. सहा महिन्यांच्या आत अटॅक येऊन गेला असेल तर दहा गुण, हृदय थकल्याची चिन्हं दिसत असतील तर अकरा, वय सत्तरच्या वर असेल तर पाच, अशी. १९९९ मध्ये थॉमस ली यांनी ती सहा घटकांवर आणली : मोठं ऑपरेशन, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हृदय निकामी होण्याचा इतिहास, पक्षाघाताचा इतिहास, इन्सुलिनवर असलेला मधुमेह आणि दोनच्या वर क्रिएटिनीन. प्रत्येकाला एक गुण. हे सहा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. माझ्या सात मिनिटांत ती दोन मिनिटं सहज बसली असती.

माझा गुण एक. लींच्या मूळ तपासणीत एक गुण असलेल्यांपैकी शंभरात एकाहून किंचित कमी लोकांना हृदयाचा गंभीर त्रास झाला होता. पण २०१७ मध्ये कॅनडाच्या तज्ज्ञांनी नंतरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा त्याच एका गुणाला शंभरात सहा असा आकडा निघाला. एक नाही नि सहा नाही, मग खरं काय? दोन्ही खरं आहे. अभ्यास वेगळे, पेशंट वेगळे. पण फरकाचं एक मोठं कारण असं की नंतरच्या अभ्यासांत ऑपरेशननंतर पेशंटच्या रक्तातलं ट्रोपोनिन नेमाने मोजलं गेलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. पूर्वी छातीत दुखलं तरच शोध व्हायचा. आता न दुखताही सापडू लागलं.

प्रयोगशाळेतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ‘आढळलं नाही’ आणि ‘नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडे प्रत्येक पद्धतीची एक मर्यादा असते, तिच्याखालचं काही दिसतच नाही, आणि म्हणून कागदावर ‘शून्य’ लिहायला बंदी असते. ‘आमच्याकडे आजवर एकालाही काही झालं नाही’ हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. मी तिन्ही ठिकाणी एकच विचारलं : ऑपरेशननंतर ट्रोपोनिन करता का? दोन ठिकाणी ‘छातीत दुखलं तर करतो’, एका ठिकाणी ‘त्याची काय गरज?’. मग काही झालं नाही हे यांना कुणी सांगितलं?

हेही प्रामाणिकपणे नोंदवतो की हे आकडे मुख्यतः दाखल राहून झालेल्या ऑपरेशनांचे आहेत. माझ्या हर्नियाचा धोका त्याहून कमी असणार. पण ‘कमी असणार’ हेसुद्धा मला कुणीतरी समोर बसून, आकड्याच्या आधाराने सांगायला हवं होतं. ते मी शोधून वाचलं. माझ्या शेजारच्या रिक्षावाल्याने कुठे शोधायचं?

एको आणि जिना

आपल्या भागात टूडी एको हे ऑपरेशनचं पारपत्र झालं आहे. ‘एको नॉर्मल आहे’ म्हटलं की घरातले सगळे सुस्कारा सोडतात. एको काय दाखवतो? पडल्या पडल्या, आरामात असलेलं हृदय किती जोराने रक्त ढकलतंय, झडपा कशा आहेत, जुन्या अटॅकचा व्रण कुठे आहे. रक्तवाहिनीत किती अडथळा आहे हे तो दाखवत नाही. रक्त वाहून गेलं, बीपी पडलं, नाडी वाढली, दुखणं सुरू झालं, की हृदयाच्या स्नायूला प्राणवायू पुरेल का, हा ऑपरेशनच्या वेळचा खरा सवाल असतो, आणि त्याचं उत्तर आरामात काढलेल्या चित्रात नसतं. ज्याला नव्याने दम लागतो, पाय सुजतात, त्याचा एको करायलाच हवा. सरसकट सगळ्यांचा करू नका, असं अमेरिकी हृदयरोग संघटनांची २०१४ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तरी आपल्याकडे तो सरसकट होतो, कारण रिपोर्ट फाइलला लावता येतो आणि बिलातही.

दुसरी परीक्षा जिन्याची. ‘दोन मजले चढता का?’ प्रश्न चांगला आहे, विचारण्याची रीत वाईट. डोंबिवली स्टेशनचा पूल गर्दीच्या वेळी चढणारा माणूस दर चार पायऱ्यांना थांबतो, कारण पुढचा थांबलेला असतो; त्याला वाटतं आपण पूल आरामात चढतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चार देशांतल्या १,४०० पेशंटांचा अभ्यास आला. डॉक्टरांनी नुसतं बोलून ताकदीचा अंदाज बांधला आणि मग पेशंटांना सायकल चालवायला लावून खरी ताकद मोजली. ज्यांची ताकद खरोखर कमी होती, अशा शंभरांतले फक्त १९ डॉक्टरांच्या अंदाजाला सापडले. त्याच अभ्यासात एका साध्या बारा प्रश्नांच्या यादीने पुढचा धोका बऱ्यापैकी ओळखला. ती यादी १९८९ पासून उपलब्ध आहे. अंगण झाडता का, जड सामान उचलता का, थोडं पळता येतं का, असे तिचे प्रश्न. त्यांचं मराठी करायला एक दुपार पुरेल. पाणी भरणं, गिरणीतून दळण आणणं, लोकलमध्ये चढणं, हे आपले प्रश्न त्यात घालायला दुसरी दुपार.

दोन घड्याळं

‘अटॅकनंतर सहा महिने ऑपरेशन नको.’ हे वाक्य आपल्याकडे सुभाषितासारखं फिरतं. कुणी सहा महिने म्हणतं, कुणी वर्ष. का, ते कुणी सांगत नाही. कारण त्यात दोन वेगळी घड्याळं एकत्र झाली आहेत.

पहिलं घड्याळ हृदयाच्या जखमेचं. १९७२ मध्ये मेयो क्लिनिकने आकडे दिले : अटॅकनंतर तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना पुन्हा अटॅक, तीन ते सहा महिन्यांत १६ टक्क्यांना, त्यानंतर पाचेक टक्क्यांना. सहा महिन्यांचं सुभाषित तिथून आलं. पुढे भूलशास्त्र सुधारलं, देखरेख सुधारली, आकडे उतरले. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या मोठ्या नोंदींवरून कळलं की पहिल्या तीस दिवसांत धोका अजूनही सुमारे ३३ टक्के आहे, दुसऱ्या महिन्यात १९, तिसऱ्यात आठ, पुढे सहा. म्हणून अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी किमान ६० दिवस थांबायला सांगितलं.

दुसरं घड्याळ स्टेंटचं. अटॅकमध्ये स्टेंट बसला असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, आणि टाळता येण्याजोगं ऑपरेशन तोवर टाळावं असा सल्ला असतो. कॅन्सरसारख्या न थांबणाऱ्या आजारात, २०२४च्या तत्त्वांप्रमाणे, तीन महिन्यांनंतर विचार करता येतो. गोळ्या अवेळी थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी म्हणजे थेट अटॅक.

आता आपल्याकडे काय होतं पाहा. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रिसेप्शनवरून फोन येतो : ‘काका, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा.’ कुठली गोळी? दोन्ही? किती दिवस? पुन्हा कधी सुरू? फोनवरच्या मुलीला ते माहीत नसतं, आणि माहीत असावं अशी अपेक्षाही तिच्याकडून नाही. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, प्रासुग्रेल सात, आणि अ‍ॅस्पिरिन स्टेंटवाल्याला बहुतेक ऑपरेशनांत चालूच ठेवतात. २०१४ मध्ये दहा हजार पेशंटांच्या ‘पॉइझ-२’ चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा सरसकट फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण ज्यांची आधी अँजिओप्लास्टी झाली होती, त्यांना अ‍ॅस्पिरिनने वाचवलं. म्हणजे एकाच गोळीचं उत्तर दोन माणसांसाठी दोन प्रकारचं आहे. हा निर्णय स्टेंट बसवणाऱ्या कार्डिओलॉजिस्टने आणि सर्जनने एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. कल्याणहून ठाण्याला एक फोन. माझ्या बाबतीत तो फोन मी दोघांच्या मागे लागल्यावर झाला.

याच्या उलट उत्साहही आढळतो. ‘ऑपरेशनच्या आधी अँजिओग्राफी करून घ्या, ब्लॉकेज असेल तर स्टेंट टाकून मोकळे व्हा.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नेमकं हेच तपासलं. त्रास स्थिर असलेल्या ५१० पेशंटांपैकी निम्म्यांची, मोठ्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनआधी, अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली. अडीच-पावणेतीन वर्षांनी मृत्यूचं प्रमाण २२ आणि २३ टक्के. काही फरक नाही. फक्त ऑपरेशन लांबलं. आणि नवा स्टेंट म्हणजे दुसरं घड्याळ पुन्हा शून्यापासून. २००८ची ‘पॉइझ’ चाचणी आणखी बोलकी आहे : ऑपरेशनच्याच दिवशी नव्याने बीटा-ब्लॉकर सुरू केल्यावर अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. आठ हजारांवर पेशंटांत हे दिसलं. काहीतरी करून दाखवण्याची खाज आणि पेशंटचं भलं या एकच गोष्टी नव्हेत.

दुसरी रात्र

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. चिठ्ठी ऑपरेशनच्या आधीची असते आणि धोका मुख्यतः नंतरचा असतो. आपल्या डोळ्यांसमोर चित्र कुठलं? ओटीचा लाल दिवा, बाहेर बाकावर नातेवाईक, आत ‘टेबलावर’ काहीतरी होणार अशी भीती. डॉक्टर बाहेर आले, ‘ऑपरेशन सक्सेसफुल’ म्हणाले, की पेढे. पण आत तर एक भूलतज्ज्ञ मिनिटामिनिटाला नाडी, बीपी, ऑक्सिजन बघत उभा असतो. तिथून पेशंट वॉर्डात आला की चार-सहा तासांनी कुणीतरी बीपी बघतं.

‘पॉइझ’च्या पेशंटांत ऑपरेशननंतरचे जवळजवळ तीन-चतुर्थांश अटॅक पहिल्या ४८ तासांत आले होते, आणि दोन-तृतीयांश लोकांना छातीत दुखणं वगैरे काहीही जाणवलं नव्हतं. कसं जाणवणार? वेदनाशामकं चालू असतात, गुंगी असते, आणि दुखतंच आहे तर ते टाक्यांचं असं सगळेच धरून चालतात. पुढे कॅनडातल्या हॅमिल्टनच्या देवरो आणि सहकाऱ्यांनी भारतासह आठ देशांतल्या पंधरा हजार पेशंटांचं ट्रोपोनिन मोजलं. शंभरात आठ जणांच्या हृदयाला इजा झालेली सापडली. त्या आठांपैकी लक्षणं जेमतेम एका-दोघांना. आणि अशी इजा झालेल्यांपैकी जवळजवळ दहा टक्के महिनाभरात दगावले. इजा नसलेल्यांत हे प्रमाण एक टक्का होतं.

त्या मृत्यूंना आपल्याकडे नाव काय मिळतं? ‘ऑपरेशन छान झालं होतं हो, तिसऱ्या दिवशी अचानक गेले.’ अचानक काही नसतं. कुणी बघत नव्हतं एवढंच.

आता आपल्या नर्सिंग होमची दुसरी रात्र डोळ्यांसमोर आणा. खाली मिठाईचं दुकान, वर पंधरा खाटा, स्ट्रेचर न मावणारी लिफ्ट. सर्जन घरी, भूलतज्ज्ञ दुपारीच पुढच्या केसला गेलेला, फिजिशियन फोनवर. रात्री वॉर्डात एक सिस्टर, एक मावशी, आणि एक आरएमओ, जो बऱ्याचदा वेगळ्याच पॅथीचा पदवीधर असतो आणि दिवसा दुसरीकडे नोकरी करतो. ही माणसं कष्टाळू असतात. पण ‘मध्यम धोका’ असं लिहून दिलेल्या पेशंटचं त्या रात्री काय वेगळं करायचं, याची एक ओळही त्यांच्यासाठी कुणी लिहिलेली नसते. मग तो शब्द लिहिला कशाला?

ट्रोपोनिनची रक्ततपासणी इथे होत नाही असं नाही. छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आलेल्या प्रत्येकाची होते. कॅनडाने २०१७ मध्ये आणि युरोपने २०२२ मध्ये धोका असलेल्या पेशंटांसाठी ती ऑपरेशननंतर नेमाने करायला सांगितलं. अमेरिकन थोडे हात राखून आहेत. सापडल्यावर नेमकं काय करायचं याची सगळी उत्तरं अजून मिळालेली नाहीत, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण त्या पेशंटला घाईने घरी न पाठवणं, त्याचं रक्त कमी झालंय का बघणं, अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन चालू आहे ना बघणं, कार्डिओलॉजिस्टला बोलावणं, एवढं तर करता येतं. न बघण्यापेक्षा ते बरंच आहे.

‘अनफिट’ची दुसरी बाजू

कुणी म्हणेल, मग डॉक्टर सरळ ‘अनफिट’ म्हणतील. म्हणतातच. तोही त्याच नाण्याचा छापा आहे.

कल्याणला माझी आत्या न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. वय ७८, सात वर्षांपूर्वीचा अटॅक. एका ठिकाणी ‘हार्टचा पेशंट आहे, आम्ही हात लावणार नाही’. दुसऱ्या ठिकाणी एकोसाठी दोन दिवस. तिसऱ्या ठिकाणी ‘मुंबईला न्या’. अँब्युलन्समधून, मोडलेल्या खुब्यानिशी, शिळफाट्याच्या वाहतुकीतून. सहाव्या दिवशी मुंबईत ऑपरेशन झालं. तोवर पाठीला जखम झाली होती, छातीत कफ साठला होता. आत्या घरी आली, पण पुन्हा चालली नाही.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला अंथरुणावर ठेवणं हाही हृदयाला धोकाच आहे. वेदना, रक्तस्राव, पडून राहणं, फुप्फुसाचा संसर्ग या सगळ्यांचा भार हृदयावरच येतो. ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा असा दंडक आहे. २०२० च्या एका १७ देशांच्या चाचणीत, ज्यात भारतही होता, सहा तासांत करा किंवा चोवीस तासांत, मृत्यूत फरक पडला नाही. म्हणजे जिवाच्या आकांताने धावायची गरज नाही. पण सहा दिवस? न करण्याच्या धोक्याचा रकाना कुठल्याच चिठ्ठीवर नसतो, कारण न केलेल्या ऑपरेशनमुळे कुणी डॉक्टरला जाब विचारत नाही.

मोतीबिंदूचं उलटं. डोळ्यात थेंब टाकून होणाऱ्या या ऑपरेशनचा हृदयावर भार जवळजवळ नाही. एकोणीस हजारांवर ऑपरेशनांचा अभ्यास २००० साली झाला. आधी सरसकट तपासण्या करून काहीही फायदा दिसला नाही. तरी आमच्या सोसायटीतले हार्टवाले आजोबा एको आणि फिटनेसच्या फेऱ्यांना कंटाळून दीड वर्षं धूसर डोळ्यांनी रस्ता ओलांडत होते. त्यांना गाडीखाली येण्याचा धोका जास्त होता.

आणि जायचं कुठे? २०११च्या जनगणनेतच कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास आणि ठाण्याची अठरा लाखांवर होती. महापालिकेचं कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर. तिथून अवघड पेशंट कळव्याला किंवा मुंबईला. त्या कळव्याच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत अठरा पेशंट दगावले तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. सगळ्या बाजूंचा भार एकाच दारावर येतो, हे त्या दिवशी दिसलं. ‘पुढे पाठवा’ हे उपचाराचं नाव नाही.

ठाण्याने काय शिकायला हवं होतं

डॉक्टर आकडा का सांगत नाहीत, याचं एक उत्तर ठाण्यातच आहे. ऑगस्ट २००१ मध्ये आनंद दिघे यांच्या गाडीला अपघात झाला, पायाला मार लागला. ठाण्याच्या सिंघानिया हॉस्पिटलमध्ये पायावर शस्त्रक्रिया झाली आणि २६ ऑगस्टला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झाल्याचं जाहीर झालं. जमावाने हॉस्पिटल पेटवून दिलं. त्या मृत्यूभोवती पुढे कितीतरी कथा रचल्या गेल्या. त्यात मला जायचं नाही. मला एवढंच दिसतं की ठाणे जिल्ह्यातल्या घराघराला माहीत असलेल्या या घटनेतून एक साधा प्रश्न कधीच पुढे आला नाही : पायाच्या ऑपरेशननंतर हृदयाचं काय होतं, आणि त्याकडे कुणी, कसं लक्ष द्यायचं? तो प्रश्न आगीत गेला. डॉक्टरांनी धडा घेतला तो कागद सांभाळण्याचा. डॉक्टर-रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरोधात राज्याने २०१० मध्ये कायदा केला. तो हवाच होता. पण नुसत्या कायद्याने विश्वास येत नाही.

डॉक्टर म्हणतात, आकडा सांगितला तर पेशंट घाबरून पळतो, नातेवाईक अंगावर येतात. माझा अनुभव आणि तर्क उलटं सांगतो. ‘काही होणार नाही’ असं ऐकलेल्या घरात मृत्यू झाला तर तो फसवणूक वाटतो. ‘शंभरात चारांना त्रास होतो, आपण तो असा असा टाळायचा प्रयत्न करू, दोन रात्री लक्ष ठेवू’ असं आधी ऐकलेल्या घरात तोच मृत्यू दुःख असतो. दगड पहिल्या घरातून येतात.

शिवाय हा दयेचा प्रश्न नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की संमती म्हणजे सही नव्हे. उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके पेशंटला समजतील असे सांगितलेले हवेत. क्वचित घडणाऱ्या धोक्यांची जंत्री द्यायची गरज नाही, असंही न्यायालय म्हणालं. पण शंभरात एक ते सहा हे क्वचित नाही. ज्याला इंग्रजीचा फॉर्म वाचता येत नाही, त्याच्याकडून ऑपरेशनच्या सकाळी, रिकाम्या पोटी, पाचव्या पानावर सही घेणं ही संमती नव्हे.

आपणही कमी नाही. आपल्याला चिठ्ठी आवडते. मुहूर्त बघावा तशी आपण ती आणतो. डॉक्टरने ‘शंभरात चार’ म्हटलं की आपण ‘काही होणार नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जातो आणि त्याला ‘देवमाणूस’ म्हणतो. दिलासा विकत घेणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून दिलासा विकला जातो. जुना अटॅकवाला माणूस घरात असेल तर त्याच्या डिस्चार्ज कार्डाची, स्टेंटच्या तारखेची आणि चालू गोळ्यांची एक प्रत पाकिटात ठेवणं एवढं तर आपल्या हातात आहे.

माझी मागणी मोठ्या रुग्णालयाची नाही, यंत्राची नाही. चिठ्ठी बंद करा आणि तिच्या जागी मराठीत एक पान आणा. त्यावर चार गोष्टी लिहा. एक, या माणसाला, या ऑपरेशनमध्ये, आत्ता केल्यास आणि न केल्यास, शंभरात किती धोका. दोन, अटॅक आणि स्टेंटला किती दिवस झाले आणि म्हणून आजची तारीख का. तीन, कुठली गोळी कुठल्या दिवशी बंद, कुठली चालूच, पुन्हा सुरू कधी, आणि हे कुठल्या कार्डिओलॉजिस्टशी बोलून ठरलं. चार, पहिल्या दोन रात्री कोण बघणार, ट्रोपोनिन कधी होणार, आणि बिघडलं तर कुठल्या आयसीयूत किती मिनिटांत नेणार. खाली फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ अशा तिघांच्या सह्या आणि शेवटी पेशंटची.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या शाखांनी मनावर घेतलं तर असं पान महिन्याभरात छापून होईल. खर्च कागदाचा. हर्नियाचा पट्टा बांधून मी तीन हॉस्पिटलांत हे चार प्रश्न लिहून दिले आहेत. एकाने हसून परत केले, एकाने चौथा सोडून बाकी भरून दिले, तिसऱ्याने उत्तरासाठी आठवडा मागितला आहे. आठवडा मागणाऱ्याकडे मी ऑपरेशन करून घेणार आहे, त्याचं उत्तर लेखी आलं तर.